आंब्याखालचा राब

"भोईरकाका! माझ्या चादरी काय होळीत टाकायच्या राहिल्या होत्या का?"

तिसऱ्या मजल्यावरून अंबिकावहिनींचा हा आवाज आला की समजायचं, रविवार उजाडला आणि खाली धूर सुरू झाला. मंडळी, तुमच्याकडेही होतं ना असं? सकाळी झाडू फिरतो, पानांचा ढीग होतो, कोणीतरी काडी लावतं, आणि मग अख्ख्या बिल्डिंगचे कपडे, पडदे, उशा, सगळ्यांना तोच एक वास. आपण खिडकी लावतो, दोन शिव्या घालतो आणि पोहे खायला बसतो. विषय संपला!

पण आमच्या भाईंदरजवळच्या राई गावातल्या आमराई हाइट्समध्ये विषय तिथे संपत नव्हता, कारण तिथे जळत होता तो नुसता पाला नव्हता. थांबा, नीट पहिल्यापासून सांगते.

नाव आमराई हाइट्स, पण आंबा एकच. तोही बिल्डिंगच्या कितीतरी आधीचा. आज जिथे बी विंगची लिफ्ट आहे तिथे भोईरांची भातशेती होती, आणि हा आंबा त्या शेताच्या बांधावर पुंडलिककाका भोईरांच्या वडिलांनी लावलेला. जमीन बिल्डरला दिली तेव्हा काकांनी एकच अट घातली होती, "झाराला हात लावलास त जमीन न्हाय." बिल्डरही हुशार! त्याने झाड ठेवलं आणि जाहिरातीत त्याचाच फोटो छापला. आता काका, त्यांची बायको रंभाकाकू, मुलगा अभिनव आणि सून स्वप्नाली पहिल्या मजल्यावर राहतात. खिडकी उघडली की समोर आंबा. कोणाकडे नवीन पाहुणा आला आणि गेटवर काका भेटले, तर ते त्याला लिफ्ट दाखवायच्या आधी आंबा दाखवणार. "यो माज्या बापाचा," म्हणणार, आणि खोडावर असा हात ठेवणार, जसा एखादा माणूस मुलाची ओळख करून देताना त्याच्या खांद्यावर ठेवतो.

आणि तो रविवारचा जाळ म्हणजे काकांचा राब.

राब माहीत आहे का? आपल्याकडे भाताचं रोप जिथे करायचं, त्या तुकड्यावर उन्हाळ्यात पालापाचोळा, फांद्या, शेण पसरायचं आणि ते भाजून काढायचं. तण मरतं, राख मिळते, मग पेरलेलं बी असं तरारून वर येतं! भोईरांच्या घरात राब म्हणजे मानाची गोष्ट होती. कोणाचा राब किती बारीक भाजलाय हे बघायला शेजारच्या मुर्धा गावातून लोक यायचे, असं काका सांगतात. शेत गेलं, भात गेला, पण होळी झाली की काकांचे हात शिवशिवायला लागायचे. मग उरलं कोण? आंबा! दर रविवारी अंगणभरचा पाला ओढून आंब्याच्या बुडाशी लावायचा आणि राब भाजायचा. बापाचं झाड, बापाची रीत. काकांच्या मनात यात काही चुकीचं असण्याचा प्रश्नच नव्हता.

फक्त आंबा वाळत चालला होता.

मोहोर येणं कधीच थांबलेलं, निदान गेटवरून तरी दिसायचा नाही. वरच्या फांद्या काळ्या पडलेल्या. आणि मग एके दिवशी भर संध्याकाळी, मुलं खाली बॅडमिंटन खेळत असताना, एक फांदी कडाडकन मोडली आणि अंबिकावहिनींच्या लेकीच्या, चांदणीच्या अगदी पायाशी पडली. पोरीला ओरखडाही आला नाही. पण अंबिकावहिनी खाली धावत आल्या तेव्हा त्यांच्या तोंडातून शब्द फुटत नव्हता. आणि मंडळी, वहिनींच्या तोंडातून शब्द फुटत नाही म्हणजे प्रकरण किती मोठं असेल, विचार करा!

मीटिंग बसली. सेक्रेटरी मितेशभाई शहा, स्वभावाने मऊ माणूस. ते घसा खाकरत म्हणाले, "काका, मैं क्या बोलता हूँ, जरा समजून घ्या. झाड आम्हाला पण प्यारा आहे. पण उद्या बच्चा लोकांना लागलं तर? महापालिकेकडे अर्ज करूया. झाड सुकलेलं आहे, ते परमिशन देतील, कापून घेऊ. तिथे दुसरं छानसं रोप लावू ना, तुमच्या हाताने!"

सगळ्यांनी काकांकडे बघितलं. काकांनी आंब्याकडे बघितलं. मग म्हणाले, "झार मेला न्हाय. राब कमी परला."

"काय?"

"राब कमी परला त्याला. धूर व्हतो, धूर व्हतो म्हनून तुमी बोंबललात, मी पाला कमी केला. आता बगा. या रयवारी असा राब भाजतो, असा भाजतो, का झार उटून हुबा ऱ्हाईल."

मितेशभाईंनी कपाळाला हात लावला. पण काकांचे डोळे बघून कोणी हसलं नाही. शेवटी ठरलं, अर्ज पुढच्या सोमवारी जाणार. काकांकडे मध्ये एक रविवार होता.

आता स्वप्नालीची गोष्ट. स्वप्नाली गोडदेव गावची, म्हणजे माहेरही शेतकऱ्यांचंच. मायक्रोबायोलॉजी शिकलेली, काशिमिऱ्याला एका ब्रेडच्या कारखान्यात लॅबमध्ये कामाला. तिचं काम काय, तर बुरशी पकडायची! ब्रेडवर हिरवा ठिपका दिसला की अख्खा माल बाद. दिवसभर बुरशीशी मारामारी करायची आणि संध्याकाळी घरी यायचं. घरात तिला सगळे चिडवायचे, "आली बुरशीची पोलीस!"

मीटिंगच्या दुसऱ्या दिवशी ती खिडकीत चहा घेऊन उभी होती. आंब्याकडे रोज बघायची, पण त्या दिवशी नीट बघितलं. आणि तिच्या लक्षात आलं की झाड सगळं वाळलेलं नाहीये! गेटच्या बाजूच्या फांद्या काळ्या. पण मागची, पंपरूमकडची बाजू? हिरवीगार! त्या बाजूला पाचसहा तुरे मोहोरसुद्धा! एकाच झाडाचं अर्धं अंग जिवंत आणि अर्धं मरतंय, असं कसं?

कप तसाच ठेवून ती खाली पळाली.

पंपरूमच्या मागे कोणी जात नाही. वादळात पडलेल्या गुलमोहराचं मोठं खोड तिथे ढकलून दिलेलं, ते तसंच पडून. झाडूवाल्यांना गेटपर्यंत पाला न्यायचा कंटाळा आला की तेही तिथेच टाकून मोकळे. बदामाची मोठाली पानं, पिंपळाची पानं, एकावर एक थर. काकांचा राब तिथवर पोचायचा नाही, कारण पंपाची वायर जवळ. म्हणजे अख्ख्या सोसायटीत ती एकच जागा, जिथे कोणी झाडलं नाही, कोणी जाळलं नाही.

स्वप्नालीने वरची पानं बाजूला केली. वरची कोरडी, कुरकुरीत. त्याखालची ओली, तपकिरी. आणखी खाली पानं होती की जाळी होती तेच कळेना, नुसत्या शिरा उरलेल्या, आणि त्यांच्यामधून पांढरे धागे, कापसाहून बारीक, एका पानाला दुसऱ्या पानाशी शिवून टाकलेले. आणि सगळ्यात खाली माती. काळी, भुसभुशीत, थंड. त्या मातीत आंब्याची केसांसारखी बारीक मुळं वर येऊन बसलेली! गुलमोहराच्या खोडावर तर पंख्यासारख्या छत्र्यांची रांगच लागली होती. लाकूड बोटाने दाबलं तर स्पंजासारखं दबत होतं.

आणि पुढच्या बाजूला, राबाच्या जागी? जमीन फरशीसारखी टणक. राख आणि भेगा. खुरपीने खरवडलं तर मुळांची टोकं काळी, कोळशासारखी.

तिला एका क्षणात सगळं समजलं. आणि समजल्यावर माणूस जी चूक करतो तीच तिने केली. धावत वर जाऊन जेवणाच्या ताटावरच सासऱ्यांना ऐकवायला लागली. "बाबा, तुमच्या जाळण्यानेच झाड मरतंय! मागे बघा, खोडावर बुरशी आहे ना, ती..."

काकांचा हात ताटातच थांबला. "बुरशी? कंच्या खोडावर?"

"पंपरूमच्या मागे, गुलमोहराच्या."

"कुत्र्याच्या छत्र्या हायत त्याच्यावर?"

"हो, त्याच तर..."

"मंग बरोबर!" काकांनी मांडीवर थाप मारली. "तरी मी म्हनतोय, माज्या बापाचा झार उगाच कसा वालंल? तो सडका खोर तिथं परलाय, त्याचा रोग लागला आंब्याला! बरा सांगितलास, पोरी. रयवारी पैला राब त्या खोराचा."

झालं! गेली होती झाड वाचवायला, आणि जी जागा झाडाला जगवत होती तिचाच पत्ता देऊन आली. अभिनव हळूच म्हणाला, "जाऊ दे ना, बाबांशी कोण वाद घालणार." स्वप्नाली त्या रात्री पुन्हा पुन्हा उठून खिडकीतून आंब्याकडे बघत राहिली.

रविवार उजाडला.

काकांनी खरंच तयारी केली होती. चार-पाच गोण्या पाला, वाळक्या फांद्या, सगळं पंपरूमच्या मागे. पंपाची वायर त्यांनी इलेक्ट्रिशियनला सांगून आदल्या दिवशी बाजूला घ्यायला लावलेली! धोतर खोचलेलं, डोक्याला टॉवेल, हातात काडेपेटी. खिडक्या भरल्या. अंबिकावहिनींनी आज चादरी वाळतच घातल्या नव्हत्या, त्या स्वतःच गॅलरीत उभ्या होत्या.

काकांनी काडी ओढली आणि स्वप्नाली येऊन सरळ त्या खोडावर बसली.

"उट गो."

"नाही उठणार, बाबा."

"सगली सोसायटी बगते. उट."

"बघू दे ना. मला एकदा बोलू द्या, मग तुम्हीच काडी लावा, मी फुंकर घालते."

काडी बोटापर्यंत आली, काकांनी ती झटकली. "बोल."

"बाबा, ब्रेडवर बुरशी आली की मी काय करते?"

"फेकतंस. तुजा कामच तो."

"कारण ब्रेड आपलं खाणं आहे. ती आपल्या ताटात येऊन बसली तर आपण हाकलणारच. पण हे खोड कोणाचं खाणं आहे? तुम्ही खाल? गाय खाईल? या लाकडात एक चिवट गोष्ट असते, झाडाला उभं ठेवणारी. ती कोणालाच पचत नाही. वाळवीलासुद्धा एकटीला अवघड. ती पचवायला बुरशीच लागते. आपण कसे, आधी खातो मग पचवतो. हिचं उलटं! ही आपले रस लाकडावर सोडते, बाहेरच पचवते, मग शोषून घेते. आणि हिचं खाऊन झालं की जे उरतं ती माती. ही नसती ना, तर जगातलं प्रत्येक पान, प्रत्येक फांदी पडल्या जागी तशीच राहिली असती. आपण आज पानांच्या डोंगराखाली असतो, बाबा!"

"लेक्चर छान आहे," वरून कोणीतरी म्हणालं. अंबिकावहिनींनी मान वळवून त्याला असं बघितलं की तो आतच गेला.

"बुरशी म्हंजे सडका," काका म्हणाले. "आनि रोग? बुरशीचा रोग झाराला लागत न्हाय?"

"लागतो. खोटं कशाला बोलू? जिवंत झाड खाणारी बुरशी पण असते. पण तसं असतं तर आधी कुठली बाजू वाळली असती? खोडाजवळची ना? वर बघा, बाबा. तुमच्याच झाडाला विचारा."

काकांनी वर बघितलं. सगळ्या सोसायटीने वर बघितलं. खोडाच्या डोक्यावर हिरवी फांदी, तिच्यावर मोहोर, आणि मोहोरावर माश्या गुणगुणतायत. राबाच्या डोक्यावर काळ्या काटक्या.

काकांचा चेहरा असा झाला, की बघवेना. पण लगेच मान ताठ. "म्हंजे माजा बाप येडा व्हता? सगला राई येडा व्हता? पिड्यान् पिड्या राब भाजला आमी. त्याच भातावर ल्हानाचे मोटे झालो. तू चार बुकां शिकून आमाला येडं ठरवतंस?"

हीच ती गोष्ट होती, बरं का. झाड, धूर, चादरी हे सगळं वरवरचं. काकांना जमीन विकल्याचं दुःख होतंच, आता त्यांना वाटत होतं की सून त्यांच्या बापाचं शहाणपणही काढून घेतेय.

स्वप्नाली खोडावरून उठली. आवाज खाली आला तिचा. "नाही बाबा. माझ्या आजोबांनीही गोडदेवात राब भाजलाय. मी त्यांना वेडं कसं म्हणेन? भाताचं रोप काही आठवड्यांचं, त्याला राखेचं झटपट खाणं चालतं, आणि तण मेलेलं हवंच असतं. ते शहाणपणच होतं. पण भाताचं रोप आणि आंबा एक आहेत का? आंब्याची खाणारी मुळं अशी वरच्यावर असतात. त्यांच्यावर जाळ केला की..."

"माज्या बापानीच तर शिकवला!"

"तुमच्या बापसानी आंब्याखाली राब कदी भाजला?"

हा आवाज नवीन होता. सगळ्यांनी मागे बघितलं. रंभाकाकू! पदर खोचलेला, हाताला तांदळाचं पीठ तसंच. भाकऱ्या टाकून खाली आल्या होत्या.

"तू कनाला आलीस?" काका गडबडले.

"इचारते त्याचा सांगा. मामंजींनी आंब्याखाली राब कदी भाजला?"

काकांनी काडेपेटी एका हातातून दुसऱ्या हातात घेतली.

"मी लगीन होऊन आले तवा पाला डोक्यावरून कोन आनायचा? मी आनायची. आयनाच्या झाराचा पाला, गवत, सगला खालच्या खाचरान न्यायचा. यक दिस मी नवी नवी, म्हटला लांब कशाला जाऊ, हतं आंब्याखाली यवरा पाला परलाय, यो नेते. पाटी भरली. त मामंजी वरडले मना! 'त्या पाल्याला हात लावू नको गो, तो आंब्याचा हाय. आंब्याचा पाला आंब्यालाच ऱ्हाऊ दे.' मना ररायला आला. मंग रोज दुपारी त्याच पाल्यावर बसून जेवायचो आमी. गादीसारका लागायचा. इसरलात?"

काकूंनी राबाच्या जागेकडे बोट केलं. 

"राब रोपाच्या तुकऱ्यान व्हता," काकू म्हणाल्या. "आंब्याखाली कदीच नव्हता. तुमी शेत गेल्यावर हतं आनलात."

काकांच्या हातातली काडेपेटी खाली आली. "यवरी वरसा झाली. कदी बोलली न्हाईस?"

"इचारलात कदी?"

मंडळी, त्या दोन शब्दांनी अख्खी सोसायटी खाली बघायला लागली! कितीतरी घरांत कितीतरी रंभाकाकू भाकऱ्या थापतायत, आणि त्यांना काय माहीत आहे हे विचारायचं आपल्याला सुचतच नाही!

काका खाली बसले. त्या खोडापाशीच. त्यांनी खोडाचा एक मऊ तुकडा मोडला. आत पांढरे धागे. मग खोडाखाली हात घातला, मूठभर माती काढली आणि, सवय जाते का शेतकऱ्याची, नाकाशी नेली.

आणि तो ताठ मानेचा माणूस तिथेच रडायला लागला.

"काय झालं, बाबा?" स्वप्नाली घाबरली.

"वास," काका म्हणाले. "आमच्या खाचराचा वास. मना वाटला तो बिल्डिंगीखाली गेला." त्यांनी मूठ काकूंपुढे धरली. काकूंनी पीठ लागलेल्या हाताने ती माती घेतली, हुंगली, आणि नुसती मान हलवली. हो. तोच.

मितेशभाई तोवर चपला न घालताच खाली आले होते. "काका, एक बार मेरे को भी," म्हणाले. त्यांनीही वास घेतला. मग कोणी सांगितलं नसताना तिथेच ठरवून टाकलं, "अर्ज उद्या नाही जाणार. एक वर्ष. सुकलेल्या फांद्या तेवढ्या परवानगी काढून छाटून घेऊ, बच्चा लोकांसाठी. बाकी झाड काकांचं आणि..." त्यांनी खोडाकडे बोट केलं, "...आणि ह्या लोकांचं."

मग काय धमाल झाली, तुम्ही असायला पाहिजे होतात! राबासाठी आणलेल्या गोण्या काकांनी स्वतः उलट्या केल्या आणि आंब्याच्या पुढच्या बाजूला पसरल्या. उरलेला पाला आणायला पोरांना हाका मारल्या. राबाच्या जागेच्या कडेचे पेव्हर ब्लॉक निघाले. वर्षानुवर्षांची टणक राख काकांनी खुरपीने हलक्या हाताने मोकळी केली, मुळं दुखणार नाहीत अशी. पंपरूममागची काळी माती घमेल्याने आली, तिच्यातले पांढरे धागे तसेच ठेवून. "विरजण आहे हे," स्वप्नाली म्हणाली, आणि रंभाकाकू लगेच हसल्या, कारण हे त्यांना न शिकवता कळलं. शेवटी गुलमोहराचं अर्धं खोड दोरी बांधून आंब्याच्या पुढच्या बाजूला ओढायचं ठरलं. "हय्या हो!" अभिनव, मितेशभाई, वॉचमन, दोन्ही विंगचे बाप्ये, आणि सगळ्यात पुढे अंबिकावहिनी! "ओढा रे! लालबागच्या आहोत आम्ही, आम्हाला ओढायचं शिकवू नका!"

पावसाळ्यात त्या खोडावर आणि पाल्यावर अशा काही छत्र्या उगवल्या, की दुसऱ्या सोसायटीतले लोक फोटो काढायला यायचे. पांढऱ्या, केशरी, काही कानाच्या पाळीसारख्या. स्वप्नालीने पोरांना बजावून ठेवलं होतं, बघायचं, खायचं नाही, यात विषारीही असतात. मितेशभाई म्हणाले, "मेरा टेन्शन मत लो, अमे जैन, मशरूम तो खाता ज नथी!" काका सकाळी उठून आधी तिथे जायचे. आधी ज्यांना कुत्र्याच्या छत्र्या म्हणून पायाने उडवायचे, त्यांच्यावरून आता कोणाचा बॉल गेला तरी ओरडायचे, "बगून खेला, कामगार हायत माजे!"

छाटलेल्या फांद्यासुद्धा कुठे गेल्या नाहीत. त्याही आंब्याखालीच.

आणि मग दिवाळीनंतर एके सकाळी चांदणी जिने चढत ओरडत आली, "काका! लाल पानं! लाल पानं!" पुढच्या बाजूला, जिथे फक्त काटक्या होत्या तिथे, तांबूस, कोवळी, चकचकीत पालवी! सगळीकडे नाही. दोन फांद्या गेल्या त्या गेल्याच. पण बाकीच्या... काकांनी बनियनवरच खाली जाऊन बुंध्यावर हात ठेवला. आणि त्या वर्षी मोहोर आला, मंडळी! दोन्ही बाजूंना!

वैशाखात पहिला आंबा पिकला. लहानच, रायवळ, आंबटगोड. भोईरांच्या घरची एक रीत होती. नवीन भात आला की पहिला नैवेद्य बांधावर ठेवायचा, शेताच्या राखणदाराला. शेत गेल्यापासून ती रीत बंद होती, कारण बांधच उरला नव्हता. त्या दिवशी सगळी सोसायटी खाली जमली. रंभाकाकूंनी आंबा कापला. मितेशभाईंना वाटलं, पहिली फोड काका घेणार. काकांनी ती केळीच्या पानावर ठेवली, वाकले, आणि पान त्या कुजत चाललेल्या खोडावर ठेवलं. छत्र्यांच्या मधोमध.

"राखनदारांनो," काका हात जोडून म्हणाले, "तुमचा वाटा. माज्या बापानी तुमाला वलकला व्हता. मना येल लागला."

मग दुसरी फोड त्यांनी रंभाकाकूंना दिली, तिसरी सुनेला. "ही माजी सून," ते मोठ्याने म्हणाले, जसं गेटवर पाहुण्यांना आंबा दाखवताना म्हणतात तसंच. "बुरशीची पोलीस! आनि ही माजी बायको. हिला इचारल्याशिवाय मी आता काडी पन ओरत न्हाय!"

अंबिकावहिनी वरून नाही, शेजारून म्हणाल्या, "चादरी पांढऱ्या राहतात हो काका आता. पण रविवारी ओरडायला काहीच उरलं नाही, चुकल्यासारखं होतं!"

आता आमच्या सोसायटीत पाला जळत नाही. आणि समोरच्या सोसायटीत धूर दिसला, की पुंडलिककाका टॉवेल डोक्याला बांधतात, ओंजळभर काळी माती घेतात आणि रस्ता ओलांडून जातात. भांडत नाहीत. लेक्चर देत नाहीत. काडी लावणाऱ्यापुढे ओंजळ धरतात आणि म्हणतात, "आदी वास घे."

तेव्हा मीरा-भाईंदरकरांनो, एवढंच सांगायचंय. झाडाने टाकलेलं पान हा कचरा नसतो, ते झाडाचं उद्याचं जेवण असतं, आणि ते शिजवणारे हात इतके बारीक असतात की आपल्याला दिसत नाहीत. त्यांच्या चुलीत आपली काडी टाकू नका. पाला झाडाखाली राहू द्या, कुजू द्या. वाडवडिलांचा अभिमान जरूर बाळगा, छाती फुगवून बाळगा! पण त्यांनी काय केलं हे आठवताना, काय केलं नाही तेही कोणाला तरी विचारा. ती कोणी बहुतेक तुमच्याच घरात असेल, आणि तिला कोणी कधी विचारलेलं नसेल.